सांगलीतल्या फ्लॅटमध्ये झाडं पिवळी का पडतात: काळी माती, बोअरचं पाणी आणि हवा शुद्ध होण्याची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉलला लागून पश्चिमेची गॅलरी. जानेवारीत मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम, स्पायडर प्लांट आणि तुळस आणली. कुंड्यांत गावाकडच्या रानातली काळी माती आणि शेणखत भरलं, रोज सकाळी बोअरचं पाणी घातलं. आता जून लागतोय आणि मनी प्लांट पिवळा पडलाय, अरेका आणि स्पायडरची टोकं करपलीत, तुळस वाळली, कुंडीच्या काठाला पांढरा थर आलाय आणि मातीवर बारीक माश्या उडतायत. साताऱ्याला बहिणीकडे मात्र हीच झाडं जोरात आहेत. तर कोणतं खत घालू, आणि या झाडांनी घरातली हवा खरंच शुद्ध होते का?

खत आत्ता कोणतंच घालू नका. तुमच्या झाडांना उपासमार झालेली नाही, त्यांची मुळं गुदमरली आहेत. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळाला खत दिलं तर ते उचललं जात नाही, उलट क्षार वाढून उरलेली मुळंही भाजतात. लक्षणं पाच दिसत असली तरी मुख्य कारणं दोनच आहेत: काळी माती आणि बोअरचं पाणी.

काळ्या मातीला नावं ठेवायची नाहीत. त्याच मातीवर आपल्या जिल्ह्याचा ऊस आणि हळद उभी आहे. पण शेतात तिच्याखाली खोल थर असतो, नांगरट होते, उन्हाळ्यात भेगा पडून हवा खेळते. कुंडीत यातलं काही नाही. या मातीतले चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. ओली असताना तिच्यात हवेला जागा उरत नाही. वाळली की कुंडीच्या भिंतीपासून सुटते, बोटभर फट पडते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली ताटलीत येतं. आपल्याला वाटतं झाडाला भरपूर पाणी मिळालं. प्रत्यक्षात मधला गोळा एक तर चिखल असतो, नाही तर वीट.

मनी प्लांटची कुंडी आडवी करून झाड बाहेर काढून बघा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिक्कट पिवळसर असतं आणि बोटांनी ओढलं तर ताणाला टिकतं. कुजलेलं मूळ तपकिरी, गिळगिळीत असतं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. वासही येतो, तुंबलेल्या मोरीचा. गोळ्याच्या तळाशी हा वास असेल तर दुसरी कसलीच तपासणी करायला नको.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णेचा गाळ अनेकांनी हौसेनं कुंड्यांत भरला. त्याचंही असंच होतं. शेतात पसरला तर सोनं, पण कुंडीत बारीक कण एकमेकांवर बसून घट्ट थर होतो. साखर कारखान्याची ताजी प्रेसमडही (उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी) कुंडीत नको. ती कुजताना तापते. पूर्ण कुजून काळी, भुसभुशीत आणि बिनवासाची झाल्यावर गांडूळखताच्या जागी चालेल.

आता मिश्रण. आठ इंची कुंडीत साधारण साडेचार लिटर मिश्रण बसतं, म्हणजे सहा कुंड्यांना तीस लिटरच्या आसपास धरा. तांबडी माती ९ लिटर, भिजवून फुललेलं कोकोपीट ९ लिटर, गांडूळखत ६ लिटर आणि धुतलेली जाड क्रश सँड किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे ६ लिटर. त्यात तीन मुठी निंबोळी पेंड. मोजायला कुठलंही एक भांडं घ्या, प्रमाण ३:३:२:२ राहिलं की झालं. स्नेक प्लांटसाठी याच मिश्रणाचा एक भाग आणि आणखी एक भाग विटांचे तुकडे, म्हणजे निम्मी कुंडी खडबडीत हवी.

तांबडी माती नर्सरीत गोणीनं मिळते. घेताना चमचाभर माती वाटीत घेऊन वर स्वयंपाकातलं व्हिनेगर ओता. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती नको. घरची काळी माती तपासली तर ती बहुधा फसफसेल, आणि म्हणूनच अंड्याची टरफलं आणि चुलीची राख आपल्याकडे कुंडीत घालण्यात अर्थ नाही. दोन्ही गोष्टी आंबट मातीसाठी आहेत. आपल्या मातीत चुना आधीच जास्त आहे. तो वाढला की झाडाला लोह उचलता येत नाही, आणि कोवळं पान पिवळं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना हे पान ओळखीचं आहे.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट तीन-साडेतीन लिटर पाण्यात फुगून आठ-नऊ लिटर होते. ती भिजवून पिळा, ते पाणी टाका आणि परत एकदा धुवा. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, आणि न धुतलेलं कोकोपीट म्हणजे नव्या कुंडीत पहिल्याच दिवशी घातलेलं खारं पाणी. क्रश सँडही चाळून धुवावी लागते. तिच्यातली दगडाची पूड सिमेंटसारखी बसते.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देतात, तो देऊ नका. समजूत अशी आहे की त्यानं निचरा चांगला होतो. होतं उलटं. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर मातीतच थबकतं. म्हणजे ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो आणि कुंडीची दोन इंच जागाही जाते. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवा, बस्स. भोकं मात्र करंगळीएवढी आणि तीन-चार हवीत. बाजारातल्या बऱ्याच प्लास्टिकच्या कुंड्यांना नुसती खूण असते, भोक आपल्यालाच पाडावं लागतं. हे न पाहता लावलेली झाडं फार जातात.

कुंडी बदलायला आत्ताचा काळ चांगला आहे. मृगाचे दोन-तीन पाऊस झाले, हवा गार झाली की काम काढा. एप्रिल-मेमध्ये हात लावला असता तर झाड त्या धक्क्यातून उठलं नसतं. झाड काढून गोळा पंधरा-वीस मिनिटं बादलीत बुडवा आणि काळी माती बोटांनी हलकेच सोडवा. जेवढी सुटेल तेवढी सोडवायची, ओरबाडायची नाही. नर्सरीतून नवीन आणलेल्या झाडालाही हे करावं लागतं. त्यातली बरीच आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणांहून येतात आणि त्यांच्या मुळाशी चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. बाहेर कितीही चांगलं मिश्रण भरलं तरी तो गोळा आत कोरडाच राहतो. कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीनं पांढऱ्या भागापर्यंत कापा. मुळं निम्मी गेली असतील तर वरची पानंही तिसरा हिस्सा कमी करा, उरलेल्या मुळांना तेवढाच भार पेलवतो. नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा सगळीकडून इंचभरच मोठी असावी. लहान झाडाला बारा इंची कुंडी दिली तर न वापरलेलं पाणी तिच्यात साचून राहतं, आणि ती भरलेली ओली कुंडी वीस-पंचवीस किलोची होते, तीही गोष्ट गॅलरीत ध्यानात ठेवायची. माती दाबून ठासू नका. कुंडी दोनदा जमिनीवर हलकी आपटली की मिश्रण बसतं. काठाखाली इंचभर जागा सोडून एकदा खालून वाहीपर्यंत पाणी द्या आणि दहा-बारा दिवस सावलीच्या उजेडात ठेवा. दीड महिना खत नाही.

पाण्याची गोष्ट मातीइतकीच मोठी आहे, आणि साताऱ्याच्या बहिणीच्या झाडांचं गुपितही तिथंच आहे. साताऱ्यात ज्या भागाला कास तलावाचं पाणी येतं, ते घाटमाथ्यावरच्या पावसाचं, जांभ्या दगडावरून आलेलं हलकं पाणी. तुमच्या बोअरचं पाणी जमिनीतले क्षार विरघळवून वर येतं. पाणी उडून जातं, क्षार कुंडीत मागे राहतात. काठावरचा पांढरा थर तोच. पानाच्या टोकापर्यंत पाणी पोचतं, तिथून हवेत जातं आणि क्षार टोकाला साठतात, म्हणून करपणं टोकापासून सुरू होतं. अरेका आणि स्पायडर प्लांट याला सगळ्यांत हळवे. स्नेक प्लांट सोसतो.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर पाणी मोजा. ५०० च्या आत असेल तर बहुतेक झाडांना चालतं. हजाराच्या पुढे असेल तर अरेका आणि स्पायडरला ते देऊच नका. महापालिकेच्या नळाला येणारं कृष्णेचं पाणी बोअरपेक्षा कितीतरी बरं, त्यातली एक बादली झाडांसाठी बाजूला ठेवा. रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो. क्षार मात्र उडत नाहीत, त्यामुळे बोअरचं पाणी रात्रभर ठेवून काही साधत नाही. एसीच्या नळीचं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते जरूर वापरा. आरओमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालणारे बरेच आहेत, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार साठलेले असतात, ते फरशी पुसायला ठेवा. सोसायटीच्या टाकीला मीठ घालून चालणारा सॉफ्टनर असेल तर ते पाणीही झाडांना नको. त्यात कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडलेलं असतं. अंगाला साबण छान लागतो, मातीचं मात्र चोपण होतं, म्हणजे ती घट्ट बसून पाणी उतरू देत नाही. ज्यांचं रान क्षारपड झालंय त्यांना वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात पहिले दोन पाऊस सोडून गॅलरीत बादल्या लावा. दोन महिन्यांतून एकदा प्रत्येक कुंडी मोरीत नेऊन तिच्या मापाच्या तिप्पट-चौपट चांगलं पाणी हळूहळू ओतायचं, म्हणजे साडेचार लिटरच्या कुंडीला पंधरा लिटर. खालून निघणारं पहिलं पाणी पिवळसर, फेसाळ असतं. ते क्षार बाहेर पडतायत. जुन्या काळ्या मातीत हे करता येत नाही, पाणी उतरतच नाही. नव्या मिश्रणात जमतं.

रोज सकाळी पाणी घालायची सवय सोडा. वार बघून पाणी देऊ नका, बोट घालून बघा. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच मनी प्लांट, अरेका, स्पायडरला पाणी. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये हे तीन-चार दिवसांनी येईल, थंडीत आठ-दहा दिवसांनी. स्नेक प्लांटची कुंडी तळापर्यंत कोरडी होऊ द्या: उन्हाळ्यात बारा-पंधरा दिवस, पावसाळ्यात तीन-चार आठवडेसुद्धा. द्यायचं तेव्हा खालून निथळेपर्यंत द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी ताटली रिकामी करायची. रोजचा एक पेला पाणी सगळ्यांत वाईट. वरचा थर कायम ओला, खालची मुळं कधी कोरडी, कधी तुंबलेली.

त्या बारीक माश्या याच ओल्या थरावर येतात. त्यांच्या अळ्या वरच्या दोन इंचांत बुरशी आणि कुजकं खातात. माती दोन पेरं वाळू दिली, वर दोन सेंटीमीटर धुतलेली जाड वाळू पसरली आणि चिकट पिवळे कार्ड कुंडीत खोचलं की तीन-चार आठवड्यांत हटतात. एकदम जात नाहीत, कारण मातीतली अंडी उबत राहतात. दूधसाखरेच्या चहाचा चोथा, केळ्याच्या सालीचं पाणी हे बंद करा, माश्यांना तेच हवं असतं.

मनी प्लांट बाटलीत ठेवत असाल किंवा कुंडीखाली ताटली असेल तर आठवड्यातून एक दिवस ठरवून ती रिकामी करा, भांडं आतून घासा आणि मग पाणी भरा. आरोग्य खात्याचे लोक जो कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो झाडांच्या भांड्यांनाही लागू आहे. डेंग्यूचा डास पाण्याच्या काठाला भिंतीवर अंडी घालतो, नुसतं पाणी ओतलं तर ती तिथंच चिकटून राहतात. घासणं महत्त्वाचं.

पश्चिमेची गॅलरी मार्च ते मे भाजते. दुपारी तीन ते सहा तिथं तुळस सोडून यातलं एकही झाड ठेवू नका. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, नाहीतर झाडं हॉलमध्ये खिडकीपासून तीन-चार फुटांवर आणा. उजेड पुरेसा आहे का हे बघायला दुपारी पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट वर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर अरेका आणि स्पायडर चालतील. सावली धूसर असेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट. सावलीच दिसत नसेल तर तिथं कोणतंही झाड वाढणार नाही, फार तर काही महिने काढील. तुळशीचं उत्तर सरळ आहे: तिला रोज चार-सहा तास ऊन हवं. ती घरात ठेवायचं झाड नाही. गॅलरीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला ठेवा, मंजिऱ्या आल्या की खुडा. मंजिरी वाळून बी धरलं की झाड आपलं काम संपलं असं समजतं आणि वाळायला लागतं.

पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. द्राक्षबागेतला हाच त्रास घरातही येतो. थोडा असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. जास्त असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली भांडी घासायचं पातळ साबण घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं एकदा, तीन वेळा. बागेतलं उरलेलं औषध घरात फवारू नका, चमचाभरही नाही. ती औषधं उघड्या रानासाठी आहेत. बंद हॉलमध्ये तीच हवा लहान मुलं रात्रभर घेतात. घरात रांगतं मूल असेल तर आणखी एक: मनी प्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा यांच्या पानांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडात आग होते, जीभ सुजते. तोंड धुऊन गार दूध किंवा पाणी द्या, आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटला तर लगेच दवाखाना. ही झाडं हाताला येणार नाहीत इतक्या उंचीवर ठेवा.

हवा शुद्ध होण्याबद्दल तुम्ही विचारलंय, तर नर्सरीतल्या पाट्यांवर असतं तेवढं खरं नाही. ही गोष्ट १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून पसरली. तो अभ्यास खरा आहे, पण त्यात झाडं लहान हवाबंद पेट्यांत ठेवली होती. आपली घरं हवाबंद नसतात, दाराखिडक्यांतून हवा सतत बदलते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. घरात नेहमी जितकी हवा खेळते, तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. दहा बाय बाराचा हॉल म्हणजे अकरा चौरस मीटर, तिथं कमीत कमी एकशे दहा कुंड्या. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवल्याचा धूर आणि काजळी घरात येते, त्यावर खिडकी लावून घेणं हाच उपाय, पाम नव्हे. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरं आहे, कोरड्या प्रदेशातल्या बऱ्याच झाडांची ती रीतच आहे. पण पाच-सहा पानांनी खोलीतल्या हवेत फरक पडत नाही. उलट बाजूची भीतीही तितकीच निराधार: झोपायच्या खोलीत दोन कुंड्या असल्यानं रात्री प्राणवायू कमी पडत नाही.

मग फायदा काय? पश्चिमेच्या गॅलरीत दाट वेल चढवला तर दुपारचं ऊन भिंतीवर पडत नाही आणि हॉलची धग हाताला कळेल इतकी कमी होते. खिडकीत गवती चहा, ओवा, पुदिना, कडीपत्ता लावला तर ते रोज ताटात येतं. आणि हिरवं डोळ्यांसमोर असण्याचा परिणाम शरीरावर होतो, याला आधार आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. ती झाडं कुंडीतली नव्हती, बाहेरची होती, एवढं लक्षात ठेवून ते वाचायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि शाळकरी मुलांना रोज बघण्यासारखं, बोट घालून तपासण्यासारखं काहीतरी जिवंत मिळतं, हा मला सगळ्यांत मोठा फायदा वाटतो.

खत दीड महिन्यानंतर. नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत कृषी सेवा केंद्रात मिळतं. लिटरला एक ग्रॅम, वीस दिवसांतून एकदा, ओल्या मातीवरच. शेतात देतात ते प्रमाण कुंडीत चालत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी बंद. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर चिलेटेड फेरस (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम पानांवर संध्याकाळी फवारा. साधं फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत घातलं तर ते तिथंच अडकतं.

पिवळी झालेली जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत, करपलेली टोकंही तशीच राहतील. टोकं कात्रीनं पानाच्या आकारात कापा, पण करपलेल्या भागाची केसभर कड ठेवून. हिरव्यात कापलं तर तिथून पुन्हा करपतं. झाड सुधारतंय की नाही हे फक्त नव्या पानावरून बघायचं. मनी प्लांटला पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत नवा कोंब दिसायला हवा, अरेकाला मधला भाला, म्हणजे न उघडलेलं नवं पान, वर यायला दोन महिनेही लागतील. तोवर झाड उपटून मुळं बघत बसू नका.